बालकांतील सीटी स्कॅन आणि कर्करोगाचा धोका : वैद्यांचे कर्तव्य

डोक्यास मार लागलेल्या, वारंवार पोट दुखणाऱ्या अथवा खोकला न हटणाऱ्या बालकास घेऊन पालक जेव्हा आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या पिशवीत बहुधा एक-दोन क्ष-किरण चित्रे व सीटी स्कॅनचा अहवाल असतोच. ‘पुन्हा एकदा स्कॅन करून घेऊ का?’ असेही ते विचारतात. या प्रश्नास सहजपणे ‘हो’ म्हणणे योग्य नाही आणि सहजपणे ‘नको’ म्हणणेही योग्य नाही. वैद्यांस त्याचे उत्तर विचारपूर्वक देता यावे, यासाठी या विषयाचा येथे संक्षेपाने परामर्श घेत आहोत.

किरणांचे स्वरूप व मात्रा

क्ष-किरण चित्र व सीटी स्कॅन यांत आयनकारी किरणोत्सर्ग वापरला जातो. तो पेशीतील डीएनएस इजा करू शकतो. बहुतेक इजा शरीर स्वतःच दुरुस्त करते. क्वचित ही दुरुस्ती सदोष होते आणि तो दोष कालांतराने कर्करोगास कारण ठरू शकतो. सोनोग्राफी व एमआरआय यांत असा किरणोत्सर्ग नसतो.

निसर्गातून प्रत्येक मनुष्यास वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट इतकी मात्रा मिळतच असते. छातीच्या साध्या क्ष-किरण चित्राची मात्रा ०.१ मिलिसीव्हर्ट वा त्याहूनही कमी असते. डोक्याच्या सीटीची सुमारे २, तर प्रौढाच्या उदराच्या सीटीची सुमारे ८ ते १० मिलिसीव्हर्ट भरते. म्हणून या सर्व परीक्षा एकाच मापाने मोजू नयेत.

बालकांच्या पेशींचे विभाजन वेगाने होत असते आणि दोष प्रकट होण्यास पुढे दीर्घ आयुष्य शेष असते. शिवाय प्रौढांसाठी ठरविलेली मात्रा बालकास दिल्यास त्याच्या लहान शरीरातील अवयवांस अधिक किरण लागतात.

अभ्यास काय सांगतात?

गर्भावस्थेत झालेल्या क्ष-किरण परीक्षेचा बालकांतील कर्करोगाशी संबंध ऑक्सफर्ड येथील डॉ. अ‍ॅलिस स्टुअर्ट यांनी १९५६ मध्ये प्रथम दाखविला. सीटीविषयी महत्त्वाचा ब्रिटिश अभ्यास २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ मध्ये प्रसिद्ध झाला. २२ वर्षांखालील सुमारे १,७८,००० व्यक्तींच्या या अभ्यासात अस्थिमज्जेस एकूण ५० मिलिग्रेच्या आसपास मात्रा मिळाल्यास रक्ताच्या कर्करोगाचा धोका सुमारे तिप्पट होतो, असे आढळले. स्कॅन मुळात कर्करोगाच्याच आरंभीच्या लक्षणांसाठी झाला असेल, ही शंका दूर करण्याकरिता स्कॅननंतरची पहिली काही वर्षे गणनेतून वगळली होती.

‘तिप्पट’ हा शब्द पालकांस घाबरवितो. परंतु मूळ प्रमाणच अत्यल्प असते, हे ध्यानी घ्यावे. युरोपातील नऊ देशांच्या संयुक्त अभ्यासानुसार (२०२३) आजच्या मात्रेने स्कॅन झालेल्या दर १०,००० बालकांपैकी १ ते २ जणांस पुढील १२ वर्षांत त्या किरणांमुळे रक्ताचा कर्करोग होण्याची शक्यता असते. एका बालकापुरता हा धोका लहान आहे. मात्र प्रत्येक पुनरावृत्तीने त्यात भर पडते, आणि लक्षावधी स्कॅन होतात तेथे समाजाच्या दृष्टीने तो उपेक्षणीय राहत नाही.

दूषीविषाशी तुलना

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातील दूषीविषाचे वर्णन येथे सहज आठवते. ते अल्पवीर्य असते, तत्काळ मारक ठरत नाही, परंतु पुढे अनेक वर्षांनी प्रकुपित होते. दीर्घकाळाने दिसणारा परिणाम समजावून सांगण्यास हा दृष्टांत उपयोगी आहे. त्यापुढे तो ताणू नये. विष शरीरात राहते. क्ष-किरण मात्र क्षणात निघून जातात, मागे उरतो तो पेशीतील दोष. म्हणून शोधनाने ‘स्कॅनचे किरण बाहेर काढतो’ असे आश्वासन कोणीही देऊ नये. त्यास पुरावा नाही, आणि अशा आश्वासनाने आपल्याच शास्त्रास उणेपणा येतो.

व्यवहारात काय करावे?

१. रुग्णपत्रिकेत पूर्वीच्या सर्व क्ष-किरण व सीटी परीक्षांची दिनांकासह नोंद करावी. जुनी चित्रे सांभाळून ठेवण्यास पालकांस सांगावे. केवळ चित्र हरवले म्हणून स्कॅन पुन्हा होऊ नये.

२. पोटदुखीत, अपेंडिक्सचा संशय असतानाही, प्रथम सोनोग्राफीचा विचार व्हावा.

३. डोक्यास मार लागल्यावर शुद्ध हरपणे, वांती, तीव्र शिरःशूल, गुंगी वा वर्तनातील बदल, कवटीच्या अस्थिभंगाची चिन्हे, उंचावरून पडणे वा वाहनाचा जोरदार आघात यांपैकी काहीही असल्यास बालकास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. दोन वर्षांखालील बालकात डोक्यावरील टेंगूळही गंभीर मानावे. अमेरिकेत ४२,००० हून अधिक बालकांवर झालेल्या अभ्यासात (२००९) अशी कोणतीही चिन्हे नसलेल्यांत मेंदूस गंभीर इजा अत्यंत विरळ आढळली.

४. बालकांसाठी मात्रा कमी करण्याची व्यवस्था केंद्रात आहे का, हे विचारण्यास पालकांस सुचवावे. केंद्रातील यंत्रास अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता असणे आवश्यक आहे.

५. तरुण स्त्रीस या परीक्षेसाठी पाठविण्यापूर्वी गर्भाची शक्यता अवश्य विचारावी.

६. तज्ज्ञाने सकारण सांगितलेला स्कॅन किरणांच्या भयाने टाळू देऊ नये. मेंदूतील रक्तस्राव ओळखण्यास विलंब झाल्यास होणारी हानी तात्काळ व निश्चित असते.

दर्शन, स्पर्शन व प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपण मनःपूर्वक केली, तर अनेक अनावश्यक स्कॅन टळतील आणि जे आवश्यक आहेत ते वेळेवर होतील. बालकाच्या हिताचा मार्ग तोच आहे, असे आम्हांस वाटते.