आरेखन उद्योगातील आभासी व संवर्धित वास्तव

बनशंकरी हे नाव ऐकताच अनेक मराठी वाचकांना बदामीजवळील देवस्थान आठवते, कारण महाराष्ट्रातील कित्येक घराण्यांची ती कुलदेवता आहे. बंगळुरूच्या दक्षिण भागातील बनशंकरी हे उपनगरही तेथील देवीच्या मंदिरामुळे ओळखले जाते. २०१७ मध्ये तेथे मेट्रो रेल्वे पोहोचली. या उपनगराच्या तिसऱ्या टप्प्यात पीईएस विद्यापीठाचा परिसर आहे. अशा परिसरातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुणांपुढे आज जी नवी कार्यक्षेत्रे आहेत, त्यांत आरेखनाच्या सॉफ्टवेअर उद्योगातील आभासी व संवर्धित वास्तवाचे काम महत्त्वाचे आहे.

स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीने या संज्ञांच्या केवळ व्याख्या पाठ करणे पुरेसे नाही. हे तंत्रज्ञान उद्योगात नेमके कोणते काम करते, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि त्यापासून देशाला लाभ कसा होईल, या तीन अंगांनी विषय समजून घेणे आवश्यक आहे.

संकल्पना व उगम

आभासी वास्तवात पाहणाऱ्याची दृष्टी भोवतालच्या जगापासून पूर्णपणे तोडली जाते. शिरोपकरण घातल्यावर त्याला केवळ संगणकाने उभे केलेले त्रिमितीय विश्व दिसते. संवर्धित वास्तवात भोवतालचे खरे जग दिसत राहते व त्यावर संगणकाची प्रतिमा योग्य जागी बसवलेली असते. पॉल मिलग्रम व फुमिओ किशिनो यांनी १९९४ मध्ये मांडल्याप्रमाणे ही दोन वेगळी टोके नसून वास्तवापासून आभासापर्यंत जाणारी एकच अखंड श्रेणी आहे.

आरेखन व आभासी वास्तव यांचा उगम एकाच व्यक्तीच्या कार्यात सापडतो. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे ‘स्केचपॅड’ ही प्रणाली सादर केली. पडद्यावर प्रकाशलेखणीने आकृती काढण्याची सोय देणारी ही प्रणाली संगणकीय आरेखनाची जननी मानली जाते. त्यांनीच १९६८ मध्ये डोक्यावर बसवण्याचे त्रिमितीय दृश्य उपकरण सादर केले. ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. त्यातून रेषांच्या आकृत्या खऱ्या खोलीवर उमटलेल्या दिसत. म्हणजेच आभासी व संवर्धित अशा दोन्ही वास्तवांचे ते पूर्वज होय.

‘संवर्धित वास्तव’ ही संज्ञा मात्र कारखान्याच्या गरजेतून आली. १९९० च्या सुमारास बोइंग कंपनीत विमानातील तारांचे जुडगे मोठ्या फळ्यांवर मांडावे लागत. कोणती तार कोठून न्यायची हे कामगाराच्या डोळ्यांसमोरच दाखवता यावे, या विचारातून टॉम कॉडेल यांनी ही संज्ञा वापरली. मनोरंजनाच्या बाजारपेठेत हे तंत्र रुजण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

बंगळुरू व पुणे : दोन केंद्रे

आरेखनाचे सॉफ्टवेअर ही बंगळुरूसाठी नवी बाब नाही. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने येथे केंद्र सुरू केले. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सीने ‘तेजस’ या हलक्या लढाऊ विमानाचे काम याच शहरात केले. या विमानाच्या सांगाड्याच्या वजनापैकी सुमारे ४५ टक्के भाग तंतुमिश्र पदार्थांचा आहे. अशा पदार्थांचे थर एकावर एक रचून भाग घडवावा लागतो. या रचनेसाठी संस्थेने ‘ऑटोले’ ही स्वतःची आज्ञावली विकसित केली आणि पुढे ती परवान्याने व्यावसायिक वापरासाठीही दिली. ४ जानेवारी २००१ रोजी तेजसने पहिले उड्डाण केले. देशाची गरज, देशात लिहिलेली आज्ञावली आणि देशाकडेच असलेली तिची मालकी, असे हे उदाहरण आहे.

पुण्याची वाटचाल वेगळी आहे. गोदरेज समूहातून पुढे आलेल्या जिओमेट्रिक कंपनीने फ्रान्सच्या दासो सिस्टिम्सबरोबर २००२ मध्ये ‘थ्रीडीपीएलएम’ ही संयुक्त कंपनी काढली. जगभरातील अभियंते वापरत असलेल्या आरेखन प्रणालींचे काम तेथे होऊ लागले. २०१६-१७ मधील व्यवहारांत जिओमेट्रिक एचसीएलकडे गेली व संयुक्त कंपनीतील तिचा हिस्सा दासोकडे गेला. कौशल्य येथे राहिले, परंतु आज्ञावलीचे स्वामित्व परदेशी कंपनीकडेच राहिले. आभासी वास्तवाच्या क्षेत्रात यांपैकी कोणते उदाहरण गिरवायचे, हा आजचा खरा प्रश्न आहे.

प्रत्यक्ष कामाचे स्वरूप

आरेखन प्रणालीत यंत्राचा भाग गणिती पृष्ठभागांच्या रूपाने साठवलेला असतो. शिरोपकरणात तो दाखवण्यासाठी त्या पृष्ठभागांचे लहान लहान त्रिकोणांत विभाजन करावे लागते. दृश्य सुरळीत वाटावे म्हणून प्रत्येक डोळ्यासाठी सेकंदाला ९० चित्रे दाखवायची, तर एका चित्रासाठी केवळ सुमारे ११ सहस्रांश सेकंद मिळतात. मान वळवल्यावर दृश्य मागे रेंगाळले तर पाहणाऱ्यास मळमळ होते. म्हणून त्रिकोणांची संख्या कमी ठेवणे भाग पडते.

त्रिकोण कमी केले की अचूकता घटते. १०० मिलिमीटर त्रिज्येचे वर्तुळ ३२ भुजांच्या बहुभुजाने दाखवले, तर प्रत्येक भुजेच्या मध्याशी सुमारे ०.४८ मिलिमीटरचा फरक पडतो. डोळ्यांना तो जाणवत नाही. परंतु बेअरिंगसारख्या भागाची बसवणूक मिलिमीटरच्या शतांशात मोजली जाते, तेथे हा फरक अक्षम्य ठरतो. म्हणून चांगल्या प्रणालीत डोळ्यांना त्रिकोण दाखवले, तरी मोजमाप मूळ गणिती पृष्ठभागावरूनच घेतले जाते. जे दिसते ते सर्व प्रमाण नव्हे, हा या क्षेत्रातील पहिला धडा होय.

असे असूनही उद्योग या तंत्राकडे वळतो, कारण काही चुका सपाट पडद्यावर दिसतच नाहीत. नळाची तोटी आरेखनात योग्य जागी असते, पण दुरुस्ती करणाऱ्याचा हात पान्यासह तेथे पोहोचत नाही. चालकाच्या आसनावरून महत्त्वाचा निर्देशक दिसत नाही. वस्तू खऱ्या आकारात समोर उभी राहिली की अशा उणिवा लगेच ध्यानात येतात. कागदावरची चूक खोडता येते. ओतीव साचा तयार झाल्यावर तीच चूक फार महाग पडते.

नौदलाचा अनुभव या संदर्भात उल्लेखनीय आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये सेवेत दाखल झालेली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका २६२ मीटर लांब असून तिच्यात सुमारे २,२०० कक्ष आहेत. या आकाराच्या नौकेची संपूर्ण त्रिमितीय प्रतिकृती संगणकावर उभारून त्यावरून उत्पादनाची आरेखने काढण्याचे काम देशात प्रथमच झाले. नौदलाच्या आरेखन संचालनालयात २०२० मध्ये आभासी वास्तव केंद्रही सुरू झाले. जे खलाशी पुढे नौकेवर वावरणार, त्यांना तिचे अंतरंग बांधणीपूर्वीच पाहता येणे हा अशा केंद्राचा मोठा लाभ आहे.

मर्यादा

पहिली मर्यादा शारीरिक आहे. शिरोपकरणात डोळ्यांचे भिंग ठरावीक अंतरावर स्थिरावते, परंतु दोन्ही बुबुळे वस्तूच्या भासमान अंतरानुसार वळतात. या विसंगतीमुळे थकवा येतो. दुसरी मर्यादा उपकरणांच्या अल्पायुष्याची आहे. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये आणलेल्या ‘होलोलेन्स’ मालिकेचे उत्पादन २०२४ मध्ये थांबवले. एकाच उपकरणावर विसंबून लिहिलेली आज्ञावली अशा वेळी निरुपयोगी ठरते. म्हणूनच ‘ओपनएक्सआर’सारख्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खुल्या मानकाचे महत्त्व मोठे आहे. तिसरी मर्यादा खर्चाची आहे. मोठ्या कंपन्यांना परवडणारी साधने बंगळुरूच्या पीण्या किंवा पुण्याच्या भोसरी येथील लहान कारखानदारास सहज परवडत नाहीत. वास्तविक, एक साचा वाया गेल्याचा फटका त्यालाच अधिक बसतो.

शासकीय धोरण

२०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातील घोषणेनंतर ॲनिमेशन, दृश्य परिणाम, गेमिंग व कॉमिक्स या क्षेत्रासाठी कृती दल नेमण्यात आले. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या क्षेत्राच्या राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्रास मुंबई येथे मंजुरी दिली. त्यातूनच इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था आकारास आली. कर्नाटकाने २०२४ ते २०२९ या कालावधीसाठी याच क्षेत्राचे धोरण स्वीकारताना त्यात विस्तारित वास्तवाचाही समावेश केला.

हे प्रयत्न स्वागतार्ह आहेत. तथापि विस्तारित वास्तवाची गणना प्रामुख्याने मनोरंजन उद्योगाबरोबर होते, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. कारखान्यातील आरेखन, देखभाल व प्रशिक्षण यांची गरज वेगळी आहे. औद्योगिक वसाहतींत सामाईक सुविधा केंद्रे उभारून लहान उद्योजकांना तासाच्या दराने ही साधने उपलब्ध करून दिल्यास लाभ अधिक व्यापक होईल.

समारोप

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या तरुणाने भूमिती, संगणकीय आलेखिकी आणि मानवी शरीराची मापे या तिन्ही विषयांचा पाया पक्का करावा. उपकरणे बदलत राहतील, पण हे ज्ञान टिकेल. त्याचबरोबर कार्यशाळेत काही दिवस तरी हात काळे करावेत. पाना कोठे अडतो हे ज्याने स्वतः अनुभवले आहे, त्यालाच आभासी यंत्रातील उणीव दिसेल. बनशंकरीत असो वा भोसरीत, येथील अभियंत्यांनी हे कौशल्य आत्मसात केले आणि त्याला स्वतःच्या आज्ञावलीच्या मालकीची जोड दिली, तर ‘ऑटोले’सारखी उदाहरणे अपवाद राहणार नाहीत.

सरावासाठी प्रश्न

१. आभासी व संवर्धित वास्तवातील भेद सांगून आरेखन उद्योगातील प्रत्येकाचा उपयोग सोदाहरण स्पष्ट करा.

२. ‘सॉफ्टवेअर उद्योगात कौशल्य व स्वामित्व या भिन्न बाबी आहेत.’ बंगळुरू व पुण्याच्या अनुभवाच्या आधारे चर्चा करा.

३. लघुउद्योगांपर्यंत विस्तारित वास्तवाचे तंत्रज्ञान पोहोचवण्यासाठी कोणते उपाय सुचवाल?