असुराचे स्थान : राक्षसाभ्यासाची एक दिशा

राक्षस, असुर, दैत्य यांचा विचार आपल्या साहित्याभ्यासात बहुधा नायकाच्या अनुषंगाने होतो. नायकाचे शौर्य सिद्ध करण्यासाठी कथेत असुर येतो, मारला जातो आणि संपतो, असे आपण गृहीत धरतो. हे गृहीतक मराठी लोकपरंपरेला कितपत लागू पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम तुलनेसाठी स्पॅनिश परंपरेकडे पाहू. तेथील ‘मॉन्स्त्रुओ’ या शब्दाचे मूळ लॅटिन ‘मॉन्स्ट्रम’ हे असून त्याचा संबंध ‘इशारा देणे’ या अर्थाच्या धातूशी जोडला जातो. राक्षस म्हणजे येऊ घातलेल्या अनिष्टाची खूण. काल्देरोनच्या ‘जीवन हे स्वप्न आहे’ या सुमारे १६३५ च्या नाटकात राजा बासिलिओ भाकिताला भिऊन आपला पुत्र सेगिस्मुंदो यास मनोऱ्यात कोंडतो. कोंडलेला मुलगा पुढे खरोखरच पशुवत वागतो. येथे राक्षस जन्मत नाही, सत्तेच्या भीतीतून घडविला जातो. दुसरे उदाहरण ‘तारास्का’चे. ग्रानादासारख्या नगरांत कॉर्पस क्रिस्तीच्या उत्सवात हा ड्रॅगनसदृश प्राणी आजही मिरविला जातो. धर्माने जिंकलेल्या पापाचे ते रूप आहे. त्यास मिरवणुकीत जागा आहे. मात्र नैवेद्य नाही, पूजा नाही.

हा भेद लक्षात ठेवून आपल्या परिसराकडे वळावे. आमच्याच जिल्ह्यातील वेरूळ येथे लेणे क्रमांक १४ मध्ये, तसेच राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या नावाशी निगडित असलेल्या आठव्या शतकातील कैलास लेण्यात (क्रमांक १६), महिषासुरमर्दिनीची शिल्पे आहेत. तेथे महिषाचा वध होत आहे. परंतु लासूर स्टेशनसारख्या बाजारपेठेच्या गावातून शिवाराकडे निघालेल्या अभ्यासकाने बांधावरच्या शेंदूर फासलेल्या दगडाचे नाव विचारले, तर ‘म्हसोबा’ हे उत्तर मिळण्याचा संभव मोठा. ‘महिष’ या शब्दाशी या नावाचे नाते उघड आहे. शिल्पात जो मारला गेला, तोच बांधावर शेताची राखण करतो आणि कोंबड्या-बोकडाचा मान घेतो. दा. ध. कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात म्हसोबाचा विचार याच दिशेने केला आहे.

खंडोबाच्या कथेत ही द्विविधता एकाच चौकटीत येते. मणिचूल पर्वतावर ऋषींना त्रास देणाऱ्या मणी आणि मल्ल या बंधूंचा शिवाने मार्तंडभैरवाच्या रूपाने पराभव केला. मरणसमयी मणीने देवाजवळ स्थान मागितले आणि ते त्यास मिळाले. मल्लाने विश्वाचा नाश मागितला; त्याचे मस्तक पायरीशी आले आणि भक्तांच्या पायांखाली गेले, असे परंपरा सांगते. तरीही ‘मल्हारी’ या नामात देवाच्या आधी उच्चार होतो तो मल्लाचाच. खंडोबाला पुरणपोळी व भरीत-रोडगा यांचा नैवेद्य, तर बोकडाचा वाटा मणीचा, अशी विभागणीही परंपरेत आढळते. देव शाकाहारी राहतो, आणि मांसाहारी भक्ताचा नैवेद्यही देवळाबाहेर जात नाही. हे सामंजस्य असुरामुळे शक्य झाले.

या सामग्रीचा अर्थ कसा लावावा? मराठीत हा प्रश्न ठामपणे मांडण्याचे श्रेय जोतीराव फुले यांचे होय. जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादरूपाने लिहिलेल्या ‘गुलामगिरी’त (१८७३) त्यांनी राक्षसांना भूमीचे रक्षक मानले आणि म्हसोबा, खंडोबा यांना बळीराजाचे अधिकारी ठरविले. ‘म्हसोबा’ हे नाव त्यांनी ‘महासुभा’पासून साधले. भाषाशास्त्रदृष्ट्या ही व्युत्पत्ती स्वीकारणे कठीण आहे. परंतु ‘रक्ष्’ धातूशी राक्षसाचा संबंध खुद्द रामायणाच्या उत्तरकांडातही जोडलेला आहे, हे विसरता कामा नये. व्युत्पत्ती टिकली नाही तरी प्रश्न टिकतो : कथा कोणी सांगितली, आणि ज्याचा वध झाला त्याची पूजा आजवर कोणी चालू ठेवली?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक असुर म्हणजे पराभूत जमातीची स्मृती, असे सरसकट समीकरण मांडणे हाही एक प्रकारचा आळसच होय. तसे समीकरण मांडले की मणी आणि मल्ल यांच्या गतीत एवढा फरक का, याचे उत्तर मिळत नाही. एकास स्थान आणि दुसऱ्यास पायरी, ही परंपरेने केलेली निवड आहे. शरण येणाऱ्यास वाटा आणि न येणाऱ्यास केवळ नाव, असा तिचा सामाजिक आशय संभवतो. तो सिद्ध करावयाचा तर माहात्म्यग्रंथांबरोबर यात्रा, नैवेद्य, मानकरी आणि वाघ्या-मुरळींची गाणी यांचीही नोंद घ्यावी लागेल.

पदव्युत्तर विद्यार्थ्यास यातून तीन प्रश्न हाती घेता येतील. पोथीत असुराचे काय होते? प्रत्यक्ष विधीत त्याला कोठे बसविले जाते? त्याचा मान कोणत्या घराकडे आहे? छत्रपती संभाजीनगरजवळच्या सातारा येथील खंडोबाच्या चंपाषष्ठी यात्रेपासून स्वतःच्या गावच्या बांधापर्यंत कोठेही हे काम सुरू करता येईल. स्पॅनिश तारास्का मिरवणूक संपली की आत ठेवला जातो. आपला असुर मात्र वर्षभर उन्हापावसात तेथेच असतो. केवळ पोथी वाचणाऱ्यास त्याचा वध दिसतो, वस्ती दिसत नाही.