रक्तातील बंडाळी आणि घराची शिस्त

रिकाको इके ही जपानची जलतरणपटू. २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई स्पर्धांत तिने सहा सुवर्णपदके मिळवली. त्या वेळी ती अठरा वर्षांची होती. त्याच वर्षी १०० मीटर बटरफ्लाय प्रकारात तिने ५६.०८ सेकंदांचा जपानी विक्रम केला. पुढच्या वर्षाच्या आरंभी ऑस्ट्रेलियात सराव शिबिर चालू असताना तिला बरे वाटेनासे झाले. शिबिर अर्धवट टाकून ती मायदेशी परतली, तपासण्या झाल्या, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तिने स्वतःच जाहीर केले की आपल्याला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झाला आहे.

सहा सुवर्णपदके मिळवणाऱ्या शरीरात हा रोग शिरला कसा? खेळाडूला तो लवकर जाणवतो का? त्यावर औषध काय? आणि घरात कोणाला हा रोग झाला, तर डॉक्टरांखेरीज बाकीच्यांनी करायचे तरी काय? या प्रश्नांची उत्तरे आपण क्रमाने पाहू.

हाडांमधला कारखाना

आपल्या हाडांच्या पोकळीत अस्थिमज्जा नावाचा मऊ पदार्थ असतो. रक्तपेशी तयार करण्याचा हा कारखाना. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, आणि प्लेटलेट या नावाने तुम्ही ऐकलेले बिंबाणू आठ-दहा दिवसच टिकतात. म्हणून कारखाना रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो. दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तेथून बाहेर पडतात!

या कारखान्यात तीन प्रकारचा माल निघतो. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात, पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात आणि बिंबाणू रक्तस्राव थांबवतात. ल्युकेमियात एखाद्या कोवळ्या पांढऱ्या पेशीच्या जनुकांत बिघाड होतो. ती प्रौढ होत नाही, तिला दिलेले काम करत नाही, फक्त स्वतःसारख्या पेशी वाढवत राहते. पाहता पाहता सगळी मज्जा या निकामी पेशींनी भरून जाते आणि उपयोगी माल तयार करायला जागाच उरत नाही. लसिकापेशी घडवणाऱ्या शाखेत ही बंडाळी झपाट्याने माजली, की त्या प्रकाराला तीव्र लसिकापेशी ल्युकेमिया म्हणतात. रिकाकोला हाच झाला होता आणि लहान मुलांत आढळणाऱ्या कर्करोगांतही याचेच प्रमाण सर्वांत जास्त आहे.

बहुतेक वेळा हा बिघाड आपोआप घडतो. खाण्यापिण्यातल्या चुकीमुळे, जास्त खेळल्यामुळे किंवा आईवडिलांच्या हयगयीमुळे तो होत नाही. तो संसर्गजन्यही नाही.

खेळाडूला आधी का कळते?

थोडे गणित करू. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू धरून ठेवते. निरोगी मुलाच्या १०० मिलिलिटर रक्तात १४ ग्रॅम हिमोग्लोबिन आहे असे धरले, तर एक लिटर रक्त सुमारे १८८ मिलिलिटर प्राणवायू वाहून नेईल. ल्युकेमियामुळे हिमोग्लोबिन ७ ग्रॅमवर उतरले, तर हा आकडा ९४ होईल.

स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फिरवते. म्हणजे रोग्यालाही मिनिटाला ४७० मिलिलिटर प्राणवायू पोहोचतो. बसल्या जागी गरज साधारण २५० मिलिलिटरचीच असते, त्यामुळे पुस्तक वाचणाऱ्याला फारसे काही जाणवत नाही. पण जोराच्या शर्यतीत हृदय मिनिटाला २० लिटर रक्त ढकलते. निरोगी खेळाडूच्या रक्तात तेव्हा ३,७६० मिलिलिटर प्राणवायू असतो आणि रोगी खेळाडूच्या रक्तात १,८८०, म्हणजे बरोबर निम्मा. खेळाडू रोज घड्याळ लावून आपल्या शरीराची परीक्षा घेत असतो. म्हणून ही घट त्याला किंवा त्याच्या प्रशिक्षकाला आधी दिसण्याची शक्यता असते.

येथे एक इशारा दिला पाहिजे. दम लागला की ल्युकेमियाच झाला, असे मुळीच नाही. आपल्याकडे लोहाची कमतरता, जंत, हिवताप ही कारणे कितीतरी पटींनी अधिक आढळतात. मात्र फिकटपणाबरोबर रेंगाळणारा ताप, मार न लागता उठणारे काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त येणे किंवा हाडे दुखणे अशी लक्षणे दिसली, तर रक्ततपासणी करून घ्यायला उशीर करू नये.

अंगणातली सदाफुली

१९४७ सालापर्यंत या रोगावर उपाय नव्हता. मुले काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. त्या वर्षी अमेरिकेतील बॉस्टन येथे सिडनी फार्बर यांनी अशा मुलांना अ‍ॅमिनॉप्टेरिन नावाचे रसायन देऊन पाहिले. पेशीला वाढायला फोलिक आम्ल लागते, हे रसायन त्या आम्लाची वाट अडवते. १९४८ साली त्यांनी १६ मुलांवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी १० मुलांना तात्पुरता उतार पडला होता. हे रसायन तयार करणाऱ्या संशोधक गटाचे प्रमुख होते आंध्रात जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव.

पुढे अशा औषधांत भर पडत गेली. तुमच्या अंगणात बारमाही फुलणाऱ्या सदाफुलीच्या जातीच्या झाडापासून व्हिन्क्रिस्टीन मिळाले. ते पेशीचे विभाजन मध्येच रोखते. एकाच औषधाला बंडखोर पेशी दाद देईनाशा होतात, म्हणून १९६० नंतरच्या दशकात अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत बसली. त्याचा परिणाम असा, की जेथे पूर्ण उपचार मिळतात अशा प्रगत देशांत आज या रोगाची १०० पैकी सुमारे ९० मुले बरी होतात.

पण हे उपचार दोन ते अडीच वर्षे चालतात. एवढी वर्षे कशाला? निदानाच्या वेळी शरीरात सुमारे एक लाख कोटी रोगट पेशी असतात. पहिल्या महिनाभराच्या औषधांनी त्यांची संख्या शंभरपटीने जरी घटली, तरी हजार कोटी उरतातच. आणि तेवढ्या पेशी सूक्ष्मदर्शकातून पाहताना सहज नजरेतून सुटतात. मूल हसू-खेळू लागते, भूक लागते, रक्ताचा अहवाल चांगला येतो. घरच्यांना वाटते, आता बरे झाले! खरा धोका असतो तो याच वेळी.

घराचे काम

समजा, तालुक्याच्या गावातला नववीतला एक मुलगा शाळेच्या कबड्डी संघाचा चढाईपटू आहे आणि उपचारांसाठी त्याला मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात आणले आहे. आई त्याच्याजवळ राहिली आहे. वडील गावी शेती आणि मुंबईची खेप असे दोन्ही सांभाळत आहेत. धाकटी बहीण आजीकडे आहे. अशा बाहेरगावच्या रुग्णांची आणि नातेवाइकांची सोय करणाऱ्या जागा मुंबईत आहेत. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा त्यांपैकीच एक. या कुटुंबापुढे कोणती कामे असतात?

पहिले काम तापावर लक्ष ठेवण्याचे. औषधे रोगट पेशींबरोबर चांगल्या पांढऱ्या पेशीही मारतात. जंतूंशी लढणारे शिपाईच कमी झाल्यावर साधा जंतूही काही तासांत जिवावर बेतू शकतो. म्हणून घरात तापमापक हवाच. पारा ३८ अंश सेल्सिअसला पोहोचला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालय गाठायचे. ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ हे वाक्य या घरात चालत नाही. डॉक्टरांना न विचारता तापाची गोळी देणेही चुकीचे, कारण त्याने पारा उतरतो, जंतू मात्र वाढतच राहतात.

दुसरे काम स्वयंपाकघराचे. पाणी उकळून गार केलेले, अन्न ताजे, शिजवलेले आणि गरम. कच्ची कोशिंबीर आणि उघड्यावरचे पदार्थ बंद. फळे धुऊन, सोलून द्यायची. मुलाच्या जवळ जाणाऱ्या प्रत्येकाने आधी साबणाने हात धुवायचे, मग ते पाहुणे कितीही मानाचे असोत. प्रेमाने आणलेला पेढ्यांचा पुडा नाकारणे आईला जड जाते, पण तेही तिच्या कामातच मोडते.

तिसरे काम रक्ताचे. उपचारांच्या काळात तांबड्या पेशी आणि बिंबाणू वारंवार द्यावे लागतात. बिंबाणू रक्तपेढीत साधारण पाचच दिवस टिकतात, त्यामुळे रक्तदाते सतत लागतात. मात्र ज्या भावंडाची मज्जा पुढे लागण्याचा संभव आहे, त्याचे रक्त आधी देण्याचे टाळतात. ते रक्त ‘परके’ म्हणून ओळखायला रुग्णाचे शरीर शिकले, तर पुढे मज्जा रुजण्यात अडचण येऊ शकते. अशा वेळी गावातले मित्रमंडळ, वडिलांचे सहकारी, शाळेचे शिक्षक उपयोगी पडतात.

चौथे काम सर्वांत साधे दिसते, पण सर्वांत अवघड आहे. ते म्हणजे गोळी न चुकवणे. शेवटच्या दीड-दोन वर्षांत मूल घरी असते आणि रोज ठरलेली गोळी घेते. या काळात शंभरात पाचांहून अधिक गोळ्या चुकवणाऱ्या मुलांत रोग उलटण्याचे प्रमाण बरेच वाढते, असे अभ्यासातून दिसून आले आहे. शंभर दिवसांत पाच दिवस म्हणजे महिन्याला जेमतेम दीड दिवस! म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करावी. हे काम घरातल्या धाकट्या बहिणीला द्यावे. सगळ्यांचे लक्ष भावाकडे लागलेले असताना आपण विसरलो गेलो, असे तिला वाटत असते. या खुणेमुळे ती लढाईत सामील होते.

चार चिठ्ठ्यांचा प्रयोग

काही रुग्णांत नुसती औषधे पुरत नाहीत. रिकाकोच्या बाबतीत उपचारांत गुंतागुंत झाली, रसायनोपचार पुढे चालू ठेवणे कठीण झाले, म्हणून रक्तपेशींना जन्म देणाऱ्या मूलपेशींचे रोपण करावे लागले. भारतात अशा प्रकारचे पहिले यशस्वी रोपण १९८३ साली टाटा रुग्णालयातच डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. दात्याची आणि रुग्णाची पेशींवरील ओळखचिन्हे यासाठी जुळावी लागतात. ती जुळण्याची शक्यता किती? वर्गात करून पाहा.

वडिलांच्या नावाने क आणि ख, आईच्या नावाने ग आणि घ अशा चिठ्ठ्या करा. प्रत्येक अपत्याला दोघांकडून एकेक चिठ्ठी मिळते. जोड्या होतात चार : कग, कघ, खग, खघ. रुग्णाची जोडी कग असेल, तर एका भावंडाची तीच जोडी असण्याची शक्यता चारात एक, म्हणजे २५ टक्के. दोन भावंडे असतील, तर दोघेही न जुळण्याची शक्यता ३/४ × ३/४ = ९/१६. म्हणून निदान एक जुळण्याची शक्यता ७/१६, म्हणजे सुमारे ४४ टक्के. आईवडिलांची जोडी मुलाशी पूर्ण जुळणे विरळाच. ते निम्मेच जुळतात, हे चिठ्ठ्यांवरूनच दिसेल. घरात कोणी जुळले नाही, तर स्वेच्छेने नाव नोंदवलेल्या अनोळखी दात्यांत शोध घेतात. रिकाकोची बातमी आल्यावर जपानमध्ये अशा नोंदणीची चौकशी करणाऱ्यांची रीघ लागली होती.

पुन्हा पाण्यात

रिकाको डिसेंबर २०१९ मध्ये रुग्णालयातून घरी आली. तिचे वजन १५ किलोहून अधिक घटले होते. स्वतःच्या देशात, टोकियोत होणारे ऑलिंपिक जवळ आले होते, पण तिने लक्ष्य ठेवले ते त्याच्या पुढच्या, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचे. ऑगस्ट २०२० मध्ये तिने ५० मीटरची पहिली शर्यत २६.३२ सेकंदांत पोहून पूर्ण केली. तिचा स्वतःचा विक्रम २४.२१ चा होता. एप्रिल २०२१ मध्ये १०० मीटर बटरफ्लाय ५७.७७ सेकंदांत पोहून ती पुन्हा जपानची विजेती झाली. कोविडमुळे पुढे ढकललेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ती सांघिक शर्यतींत उतरली, आणि २०२४ साली पॅरिसमध्ये उपान्त्य फेरीपर्यंत गेली.

प्रत्येकालाच असे जमेल असे नाही. व्हिन्क्रिस्टीनने पायांच्या नसा दुबळ्या होतात, काही औषधे हृदयावर परिणाम करतात. म्हणून मैदानावर परतण्याचा निर्णय डॉक्टरांच्या तपासणीनंतरच घ्यायचा. आपल्या कबड्डीपटूच्या घरात पहिला विक्रम असेल तो खाटेपासून दारापर्यंत चालण्याचा, मग जिन्याच्या दहा पायऱ्यांचा. ‘मैदानावर कधी जाणार?’ असे विचारणाऱ्यापेक्षा शेजारून निमूटपणे पायऱ्या चढणारा बाप मुलाला अधिक बळ देतो. हा मुलगा पुन्हा चढाई करो वा न करो, तो दहावीच्या वर्गात येऊन बसला, की घराने सामना जिंकला.

तो वर्गात परत येईल तेव्हा त्याच्या डोक्यावर कदाचित केस नसतील. त्याच्या शेजारी बसा. त्याचा रोग तुम्हाला होणार नाही, पण तुमची सर्दी किंवा कांजिण्या त्याला फार महागात पडतील. तुम्हाला बरे नसेल त्या दिवशी दूर राहा, आणि आपली वही मात्र त्याच्याकडे जरूर पोहोचवा.

स्वाध्याय

१. हिमोग्लोबिन १० ग्रॅम असेल, तर २० लिटर रक्तात किती प्राणवायू मावेल?

२. तीन भावंडे असतील, तर निदान एकाची जोडी रुग्णाशी जुळण्याची शक्यता किती? चिठ्ठ्या १०० वेळा काढून उत्तर ताडून पाहा.

३. बिंबाणू देण्यासाठी रक्तदाते सतत का लागतात? १८ वर्षे पूर्ण झालेल्या आपल्या घरातील कोणी रक्तदान केले आहे का, ते विचारा.