एकच प्रोग्रॅम कीं तीन?

संगणकासाठीं प्रोग्रॅम लिहूं पाहणाऱ्या विद्यार्थ्यापुढें प्रथम हा प्रश्न येतो कीं, विंडोज, मॅकओएस व लिनक्स यांजकरितां तो निरनिराळा लिहावा, कीं एकच लिहून तिहींवर चालवावा? १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या जावा व क्यूटी यांनीं दुसरा मार्ग सुगम केला. २०१३ सालच्या इलेक्ट्रॉनमुळें तर वेबपृष्ठें लिहूं जाणणाराहि असा प्रोग्रॅम रचूं शकतो. परंतु प्रत्येक प्रोग्रॅमासोबत क्रोमियम हा सबंध ब्राउझर वाहून न्यावा लागतो. ४ जीबी रॅमच्या जुन्या यंत्रास हें ओझें जड जातें. आणि शाळेंत नवीं यंत्रें कोठून आणावीं! म्हणून ग्रंथालयाची नोंदवही करावयाची असून सर्व यंत्रें विंडोजचींच असल्यास सी शार्प व विंडोजचीं स्वतःचीं साधनें मला अधिक पसंत आहेत. यंत्रें मिश्र असतील तर मात्र क्यूटी घ्यावें. नाहींतर एकच चूक तीन ठिकाणीं दुरुस्त करण्यांत परीक्षेचे दिवस येऊन ठेपतात.