शिक्षा देता येत नसेल, तर चौकशी कशाला?

प्रश्न : मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलीची न्यायमूर्ती होस्बेट सुरेश यांनी खासगी चौकशी केली होती, असं घरी ऐकलं. निवृत्त न्यायाधीशाला ना पोलिसांना बोलावता येतं, ना कुणाला शिक्षा देता येते. मग त्यातून साधलं काय? (एक वाचक, जोगेश्वरी पूर्व)

उत्तर : शिक्षा होत नाही, हे खरं. पण ज्यांच्यावर गुदरलं त्यांचं म्हणणं आठवण ताजी असताना लिहून घेतलं नाही, तर पुढे खटला तरी कशावर उभा राहणार? सुरेश १९९१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातून निवृत्त झाले आणि पुढची अनेक वर्षं याच कामात राहिले. न्यायमूर्ती एस. एम. दाऊद यांच्याबरोबर त्यांनी दंगलग्रस्तांच्या जबान्या घेतल्या; ‘द पीपल्स व्हर्डिक्ट’ हा अहवाल १९९३ मध्येच छापून आला. ज्या पोलीस ठाण्याची भीती वाटते तिथेच तक्रार द्यायला कोण जाईल? अशी घाबरलेली माणसं या चौकशीत बोलली. पुढे २००२ मध्ये गुजरातेतल्या दंगलीनंतरही निवृत्त न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि पी. बी. सावंत यांच्यासोबत सुरेश यांनी हेच केलं.

मुंबईच्या दंगलीच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांचा सरकारी आयोग जानेवारी १९९३ मध्ये नेमला गेला. जानेवारी १९९६ मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारने तो गुंडाळला, मे महिन्यात पुन्हा सुरू केला आणि अहवाल आला फेब्रुवारी १९९८ मध्ये. श्रीकृष्णांनी निर्भीडपणे लिहिलं : ९०० मृत्यू, त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, दोषी पोलिसांची नावंही दिली. पण आयोग बंद होता तेव्हाही सामान्य माणसाच्या हाती सुरेश-दाऊद यांचं पुस्तक होतं. माझ्या मते एवढ्यानेच त्या चौकशीचं सार्थक झालं.

अशा हिंसेनंतरच्या न्यायात जगभर चार गोष्टी धरतात : सत्य, खटले, भरपाई आणि पुन्हा तसं न घडण्याची तजवीज. चौथीसाठी मुंबईत पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सतीश साहनी, तसंच कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी उभ्या केलेल्या मोहल्ला कमिट्यांनी पोलीस आणि रहिवासी यांना एकत्र बसवलं. खटल्यांच्या बाबतीत मात्र सरकारने फार निराशा केली. आणि भरपाई? ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की १६८ बेपत्तांपैकी १०८ जणांच्या वारसांना शोधा आणि दोन लाख रुपये ९ टक्के व्याजासह द्या. तोवर दंगलीला जवळपास तीस वर्षं झाली होती.