अंत्युखियाची पंगत : नियमशास्त्र आणि कृपा

'नियमशास्त्र की कृपा' हा विषय आपल्या मंडळ्यांत बहुधा फळ्यावर शिकवला जातो. मधोमध एक रेघ, डावीकडे मोशे, उजवीकडे ख्रिस्त. डावीकडे जुना करार, उजवीकडे नवा. ही मांडणी पाठ करण्यास सोपी आहे, म्हणूनच ती टिकून राहिली असावी. परंतु गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल ज्या प्रसंगाकडे बोट दाखवतो तो प्रसंग फळ्यापाशी घडलेला नाही. तो जेवणाच्या पंगतीत घडला. तेव्हा पुढे वाचण्यापूर्वी त्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील 11 ते 14 ही वचने आपण एकदा सावकाश वाचावीत.

स्थळ आहे सिरियातील अंत्युखिया. ओरोंतस नदीच्या काठचे हे शहर रोमी साम्राज्यातील अग्रगण्य नगरांपैकी एक होते. आज ते तुर्कस्तानात अंताक्या या नावाने ओळखले जाते. 2023 च्या फेब्रुवारीतील भूकंपाने त्याची मोठी हानी केली. शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा याच नगरात मिळाले, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायावरून आपणांस ठाऊक आहे. ते नाव येथेच का पडावे? मला वाटते, येथील मंडळीला यहूदी म्हणता येईना आणि विदेशीही म्हणता येईना. दोन्हीकडची माणसे एकत्र बसून जेवत होती. तेव्हा पाहणाऱ्यांना तिसरा शब्द शोधावा लागला.

पेत्र तेथे आला आणि त्याच पंगतीला बसला. यापो येथे त्याने पाहिलेला दृष्टान्त आणि कर्नेल्याच्या घरचा पाहुणचार ध्यानात घेता यात नवल नव्हते. पुढे याकोबाकडून काही माणसे आली, तसा पेत्र हळूहळू मागे सरू लागला व वेगळा राहू लागला. इतर यहूदी विश्वासी त्याच्या मागे गेले. शेवटी बर्णबाही गेला. ज्या बर्णबाने पौलाला तार्सांतून शोधून या मंडळीत आणले होते, तोच. पौलाच्या लेखणीतील वेदना या ठिकाणी स्पष्ट जाणवते.

पेत्राला भित्रा म्हणून मोकळे होण्याची आपणांस घाई होते. ती आवरावी. अन्नाचे निर्बंध हा त्या काळच्या यहूदी मनुष्याला क्षुल्लक विधी वाटत नव्हता. पेत्राच्या सुमारे दोनशे वर्षे आधी, इ. स. पूर्व 167 च्या सुमारास, राजा अंत्युख एपिफानेस याने यरुशलेमेचे मंदिर भ्रष्ट केले आणि यहूद्यांवर निषिद्ध मांस खाण्याची सक्ती केली. ती नाकारणाऱ्यांनी प्राण दिले; मक्काबी ग्रंथांत त्यांच्या कथा आहेत. ज्या राजवंशाने हे नगर वसवले त्याच वंशातला हा राजा होता. पूर्वजांनी रक्त देऊन राखलेले व्रत आपण एका जेवणासाठी मोडावे काय, हा प्रश्न अशा नगरात कोणाही प्रामाणिक यहूद्याच्या मनात आलाच असता. नियमशास्त्र पाळणारे सारे ढोंगी होते, असे समजून हे पत्र वाचले तर त्याचे मर्म हाती लागत नाही.

मग पौल इतका कठोर का झाला? त्याने वापरलेले दोन शब्द पाहण्यासारखे आहेत. पेत्राच्या वागण्याला तो 'ढोंग' म्हणतो. मूळ ग्रीक शब्द नाटकातील नटाच्या सोंगाशी संबंधित आहे. म्हणजे पेत्राची श्रद्धा बदलली होती असे पौलाचे म्हणणे नाही. मनात एक असून त्याने वेषभूषा दुसरी केली, एवढाच आरोप आहे. दुसरा शब्द याहून बोलका आहे. सुवार्तेच्या सत्याच्या बाबतीत त्यांचे पाऊल सरळ पडत नव्हते, अशा अर्थाचे क्रियापद तेथे आहे. सिद्धान्त सरळ होता. चाल वाकडी होती. त्या दिवशी पेत्राची परीक्षा घेतली असती तर कृपेवरील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याने अचूक दिले असते.

आता त्या पंगतीतल्या दुसऱ्या माणसाकडे पाहा. कालपर्यंत मूर्तिपूजक असलेला, ख्रिस्तावर विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेतलेला कोणी विदेशी तेथे बसला आहे. शेजारची जागा रिकामी झाली आहे. त्याला कोणी अपशब्द बोललेले नाही. परंतु त्या रिकाम्या जागेने त्याला सांगितले आहे की, ख्रिस्त तुझ्यासाठी मेला हे खरे, तथापि तेवढ्याने तू आमच्या बरोबरीचा होत नाहीस. आपल्या मराठीत यासाठी नेमका शब्द आहे : पंक्तिप्रपंच. कृपेला एक अट जोडली की प्रथम कोणाला जखम होते, हे पौलाने ओळखले. ती जखम सिद्धान्ताला नंतर होते. आधी शेजारी बसलेल्या भावाला होते.

यापुढे पौल जो युक्तिवाद करतो त्याचा गाभा क्रमात आहे. आधी काय आले? अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला व तो त्याला नीतिमत्त्व असा गणण्यात आला, हे उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात आहे. सुंतेची आज्ञा सतराव्यात. दोहोंच्या मध्ये इश्माएलाचा जन्म आहे. तेव्हा अब्राहाम 86 वर्षांचा होता आणि सुंतेच्या वेळी 99 वर्षांचा. म्हणजे निदान तेरा वर्षे हा विश्वासणाऱ्यांचा पिता सुंतेवाचून देवापुढे नीतिमान होता. रोमकरांस लिहिताना पौल याच क्रमावर बोट ठेवतो. गलतीकरांना तो सांगतो की, वचनानंतर 430 वर्षांनी आलेले नियमशास्त्र ते वचन रद्द करू शकत नाही.

हाच क्रम खुद्द निर्गमाच्या पुस्तकातही आहे. आधी वल्हांडण, मग तांबडा समुद्र, आणि तिसऱ्या महिन्यात सीनाय. दहा आज्ञांचे पहिले वाक्य आज्ञा नाही. मी तुला दास्यगृहातून बाहेर काढले, ही देवाची आठवण आहे. आज्ञा पाळा म्हणजे मिसरातून सोडवीन, असे देवाने इस्राएलास कधीही म्हटले नाही. सुटलेल्यांना त्याने नियम दिले. फळ्यावरची ती रेघ येथेच पुसावी लागते, कारण कृपा जुन्या कराराच्याही आरंभी आहे.

नियमशास्त्राला पौल 'बालरक्षक' म्हणतो. ग्रीक व रोमी घरांत मुलाला शाळेत पोहोचवणारा, त्याच्या वागण्यावर नजर ठेवणारा एक दास असे. तो शिक्षक नव्हता. मुलाला सुरक्षित ठेवणे हे त्याचे काम, आणि ते आवश्यक होते. मात्र मुलगा वयात आल्यावरही तो त्याचा हात सोडीना, किंवा आपणच बाप आहोत असे सांगू लागला, तर घराचा कारभार बिघडणारच.

येथे एक अडचण उभी राहते आणि ती टाळून पुढे जाणे बरे नाही. पौलानेच लुस्त्र येथे तीमथ्याची सुंता करविली (प्रे. कृत्ये 16:3). उलट तीत याची सुंता होऊ देण्यास त्याने ठाम नकार दिला (गलती 2:3-5). कृती तीच, एकदा होकार, एकदा नकार. हा चंचलपणा आहे काय? तीमथ्याची आई यहूदी होती. यहूदी लोकांत सुवार्ता घेऊन जाताना अडथळा राहू नये म्हणून ते केले गेले. तीत हेल्लेणी होता आणि त्याच्या बाबतीत सुंता ही देवाच्या लोकांत प्रवेश मिळवण्याची अट म्हणून मागण्यात येत होती. भावासाठी प्रीतीने जे खुशाल करावे, तेच अट म्हणून मागितले तर तसूभरही मान्य करू नये. मला तरी सबंध पत्रात याहून उपयुक्त कसोटी सापडलेली नाही.

ही कसोटी आपल्या अंगणात लावून पाहू. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, लक्ष्मीबाईंचा 1900 साली. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास ठाऊक आहे की, मधल्या वर्षांत त्या माउलीपुढचा एक मोठा डोंगर स्वयंपाकघरातच उभा होता : कोणाच्या हातचे खावे, कोणाच्या हातचे पाणी प्यावे. बाप्तिस्म्याच्या आधीच त्यांनी तो डोंगर ओलांडला. आपण मात्र बाप्तिस्म्यानंतर कित्येक पिढ्यांनी सोयरीक जुळवताना 'मूळचे कोण?' असे हळूच विचारतो. तामिळनाडूत ख्रिस्ती दफनभूमीत जातीच्या भिंती उभ्या राहिल्या. डिसेंबर 2016 मध्ये भारतातील कॅथोलिक बिशपांच्या परिषदेने दलितांविषयीचे आपले धोरण प्रसिद्ध केले, तेव्हा मंडळीतच असा भेदभाव चालतो हे त्यात मान्य करण्यात आले. ही कबुली इतर संप्रदायांनीही वाचावी. भिंत दुसऱ्याच्या कुंपणात आहे म्हणून आपली पंगत सरळ ठरत नाही.

दुसरे उदाहरण अधिक नाजूक आहे. नव्याने विश्वासात आलेल्या भगिनीने कुंकू पुसावे काय, मंगळसूत्र उतरवावे काय, बांगड्या काढाव्यात काय? काही ठिकाणी याचे उत्तर मिळेपर्यंत तिला प्रभुभोजनापासून दूर ठेवले जाते. एखादी आपल्या विवेकानुसार ते उतरवील. तिचा आदर करावा. दुसरी पतीच्या व सासूच्या मनाला जपून ते ठेवील. तिचाही आदर करावा. पण मंडळीने मेजाच्या वाटेवर बांगड्यांचा हिशेब मांडला, तर ती तीताकडे सुंता मागत आहे. आणि नवल असे की, हा हिशेब मागणाऱ्या पंचांना त्यांच्या सोन्याच्या अंगठ्यांबद्दल सहसा कोणी विचारीत नाही.

विद्वानांनी हा वाद बराचसा मिटवला आहे. मार्टिन लूथरने याच पत्रावर दिलेली व्याख्याने 1535 साली ग्रंथरूपाने छापली गेली आणि नीतिमान ठरण्याच्या प्रश्नावर पश्चिमेची मंडळी दुभंगलेली राहिली. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे कॅथोलिक व लूथरन प्रतिनिधींनी या सिद्धान्तावरील संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. मेथॉडिस्ट 2006 साली व रिफॉर्म्ड मंडळ्या 2017 साली त्यात सामील झाल्या. मनुष्य आपल्या कृत्यांनी नव्हे, कृपेने स्वीकारला जातो, हे आता आपण एकत्र म्हणतो. तरी प्रभुभोजनाची मेजे वेगळीच आहेत. त्यामागे इतर सिद्धान्तांची कारणे आहेत, हे मी जाणतो. पण अंत्युखियाचा प्रसंग वाचताना ही गोष्ट डोळ्यांत खुपल्यावाचून राहत नाही.

कोणी म्हणेल, मग आज्ञा गेल्याच म्हणायच्या. कृपा आहे, काही केले तरी चालेल. पौलालाही हे विचारले गेले होते (रोम 6). त्याचे उत्तर गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे : विश्वास प्रीतीच्या द्वारे कार्य करतो. आणि प्रीतीचे वचन तो कोठून घेतो? लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायातून! त्याच अध्यायात मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडकवून ठेवू नये अशी आज्ञा आहे, आणि शेताचे कोपरे गरिबांसाठी व उपऱ्यांसाठी सोडावेत अशीही. परक्या देशातून आलेली रूथ या सवलतीच्या आधारानेच बवाजाच्या शेतात सरवा वेचू शकली. जो मालक कृपेवर साक्ष देतो आणि मजुराचे पैसे थकवतो, त्याच्या दारातील मजुराला हीच आज्ञा आधार वाटेल. आपले देवापुढील स्थान मिळवण्याची शिडी म्हणून नियमशास्त्र निरुपयोगी आहे. शेजाऱ्याला काय देणे लागतो हे कळण्यासाठी त्याची गरज संपलेली नाही.

पेत्राने त्या दिवशी काय उत्तर दिले, ते पौल सांगत नाही. हा प्रसंग यरुशलेमेतील सभेच्या आधीचा की नंतरचा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. तरी पुढील आठवड्याच्या अभ्यासासाठी प्रेषितांची कृत्ये 15:7-11 हा उतारा गलती दोनच्या शेजारी ठेवून वाचावा आणि पेत्राच्या भाषणातील अखेरच्या तुलनेकडे लक्ष द्यावे. विदेशी लोक आमच्यासारखे तारले जातील, असे तो म्हणत नाही. आम्ही त्यांच्यासारखेच प्रभू येशूच्या कृपेने तारले जाऊ, असे तो म्हणतो.