अडथळ्यांची शर्यत

चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेस गोंडपिपरी हा तालुका आहे. वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्या त्याच्या कडेने वाहतात व त्याच्याच टोकाशी एकमेकींना मिळून प्राणहिता हे नाव धारण करतात. साग, मोह, ऐन आणि तेंदू यांच्या रानातून गेलेल्या पायवाटा येथील मुलांच्या नित्य परिचयाच्या असतात. वाटेत कोठे झाड आडवे पडलेले असते, कोठे ओहोळ लागतो, कोठे शेताचा उंच बांध असतो. हे अडथळे कसे ओलांडावे, हे त्यांना कोणी मुद्दाम शिकवीत नाही. चालता चालता ती कला अंगवळणी पडते.

शाळेच्या क्रीडादिनी हीच कला खेळाचे रूप घेते. पटांगणावर दोऱ्या ताणल्या जातात, बांबू आडवे लावले जातात, जुने टायर टांगले जातात, पोती मांडली जातात. शिट्टी वाजताच मुले दोरीखालून सरपटतात, टायरमधून पलीकडे निघतात, बांबूवरून उड्या घेतात आणि पोत्यात पाय घालून धडपडत शेवटची रेषा गाठतात. पडणाराही हसतो व पाहणारेही हसतात. दीड-दोन मिनिटांत शर्यत संपते. तिच्यात चपळाईची परीक्षा होते. परंतु दमाची होत नाही. चपळाई क्षणभर पुरते, दम मात्र तासन्‌तास टिकावा लागतो.

या प्रदेशात दमाचे मोल फार आहे. वनरक्षकाचेच उदाहरण घ्यावे. वनरक्षक होऊ इच्छिणाऱ्या पुरुष उमेदवारास चार तासांत 25 किलोमीटर आणि महिला उमेदवारास चार तासांत 16 किलोमीटर चालून दाखवावे लागते. ही शक्ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कमावता येत नाही. मग क्रीडादिनाची ही गमतीची शर्यत हळूहळू कठीण करीत नेली, तर तिच्यातून दम वाढविता येईल काय? येईल, परंतु ती कठीण करण्याची रीत ठाऊक असली पाहिजे.

अडथळे आणि दम यांचा मेळ घालणारी एक शर्यत जगभर धावली जाते. तिचे नाव ‘स्टीपलचेस’. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच मनोरा. पूर्वी आयर्लंडमध्ये घोडेस्वार एका चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या चर्चच्या मनोऱ्यापर्यंत कुंपणे व ओढे ओलांडीत शर्यत लावीत. त्यावरून हे नाव पडले. आज माणसे पायांनी धावतात ती स्टीपलचेस 3,000 मीटरांची असते. तिच्यात 28 आडवे अडथळे व 7 पाण्याचे अडथळे, असे एकूण 35 अडथळे येतात. पुरुषांच्या शर्यतीत अडथळ्याची उंची 91.4 सेंटिमीटर असते. साध्या अडथळा-शर्यतीतील चौकट पाय लागताच आडवी होते. स्टीपलचेसमधील जड लाकडी अडथळा मात्र हलत नाही. चुकला तर धावणाराच पडतो.

या खडतर शर्यतीत महाराष्ट्राच्या एका सुपुत्राने भारताचे नाव जगभर नेले. त्यांचे नाव अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात मांडवा हे त्यांचे गाव. बालपणी शाळा सुमारे सहा किलोमीटर दूर होती आणि जाण्यायेण्यास वाहन नव्हते. लहानगा अविनाश ती वाट कधी चालत, तर कधी धावत काटी. पुढे ते सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले. सियाचीनची हिमभूमी आणि राजस्थानचे वाळवंट, अशा दोन्ही ठिकाणी त्यांनी सेवा केली. सैन्यात असतानाच ते रानावनातून लांब पल्ल्याच्या शर्यती धावू लागले आणि 2017 मध्ये त्यानंतर स्टीपलचेसकडे वळले.

हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी लांब वाट आली, तिच्यातून दम आला आणि अडथळे त्यानंतर आले. भारतातील या शर्यतीचा विक्रम गोपाळ सैनी यांच्या नावावर 1981 पासून होता. साबळे यांनी तो 2018 मध्ये भुवनेश्वर येथे मोडला. पुढे त्यांनी स्वतःचाच विक्रम वारंवार मोडला. राष्ट्रकुल स्पर्धांत 1998 पासून 2018 पर्यंत या शर्यतीची तिन्ही पदके प्रत्येक वेळी केनियाच्या धावपटूंनी नेली होती. 2022 साली बर्मिंगहॅम येथे साबळे यांनी 8 मिनिटे 11.20 सेकंदांत शर्यत पुरी करून रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले. 2023 च्या हांगझो येथील आशियाई क्रीडास्पर्धेत मात्र सुवर्णपदक त्यांच्याच गळ्यात पडले.

आता शाळेच्या पटांगणाकडे वळावे. शर्यत कठीण करण्याचे मार्ग मुख्यतः चार आहेत : अंतर वाढविणे, अडथळ्यांची संख्या वाढविणे, त्यांची उंची वाढविणे आणि दोन फेऱ्यांमधील विश्रांती कमी करणे. यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवावी, हा पहिला नियम. आरंभी पटांगणाभोवती चार अडथळे मांडून सावकाश दोन फेऱ्या धावाव्यात. ते सहज जमू लागले की तिसरी फेरी जोडावी. उंचीला त्यानंतरच हात लावावा. सरपटण्याचा अडथळा आरंभी न ठेवता धावण्याच्या शेवटी ठेवला, तर एक बांबूही न वाढविता शर्यत अधिक कठीण होते. कारण तेव्हा श्वास फुललेला असतो आणि शरीरास दमलेल्या स्थितीतही नीट वागावे लागते.

पुढची पायरी चढण्याची वेळ आली, हे कसे ओळखावे? शेवटच्या फेरीतील शेवटच्या बांबूकडे पाहावे. पहिल्या बांबूवरून जशी उडी घेतली तशीच शेवटच्यावरूनही घेता आली, तर शरीर तयार झाले आहे. पाय घासू लागला, तोल जाऊ लागला किंवा गुडघे न वाकविता उतरणे होऊ लागले, तर तयारी अपुरी आहे. अशा वेळी आणखी भार घालणे हे धैर्य नव्हे, अविचार आहे. शाळकरी मुलांची हाडे अजून वाढत असतात. म्हणून त्यांच्या पाठीवर ओझी देऊ नयेत, उडी मऊ वाळूवर पडावी आणि बांबू पाय लागताच खाली पडेल असा सैल ठेवावा.

विश्रांती हाही सरावाचाच भाग आहे. श्रमाने स्नायू थकतात; ते अधिक बळकट होतात ते विश्रांतीत व झोपेत. म्हणून कठीण सरावाच्या दुसऱ्या दिवशी हलका सराव असावा. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पलीकडे जातो. अशा दिवसांत सराव पहाटेच करावा व पाणी वरचेवर प्यावे. चक्कर आली, मळमळ वाटली, तर तत्काळ थांबून सावलीत यावे व शिक्षकांस सांगावे. कसलेल्या खेळाडूलाही अडथळा इजा करू शकतो. 2025 मध्ये मोनॅको येथील शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी साबळे पडले आणि त्यांच्या गुडघ्यास गंभीर दुखापत झाली. मग नवशिक्याने किती जपले पाहिजे!

पायरीपायरीने चढण्याचे फळ चंद्रपूर जिल्ह्याने स्वतः पाहिले आहे. येथील आश्रमशाळांत शिकणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्यांना ‘मिशन शौर्य’ या उपक्रमात गिर्यारोहणासाठी निवडण्यात आले. ऑगस्ट 2017 मध्ये त्यांचे शिक्षण सुरू झाले. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह अशी एकेक अवघड पायरी ते चढत गेले. आणि मे 2018 मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काटमोडे व विकास सोयाम या पाच जणांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर पाऊल ठेवले. ज्यांनी बालपणी बर्फ पाहिले नव्हते, त्यांना पहिल्याच दिवशी हिमालयात नेऊन सोडले असते, तर हे घडले नसते.

अडथळा हा शत्रू नव्हे व खेळणेही नव्हे. तो मोजमाप आहे. आपल्या आजच्या शक्तीहून तो एकच पायरी उंच असावा. ती पायरी चढून झाली की उद्याचा बांबू एक बोट वर सरकवावा. जो असा सावकाश चढतो, त्याला रानातली वाट लांब वाटत नाही.

स्वाध्याय

1. चपळाई आणि दम यांतील फरक सांगा.
2. अविनाश साबळे यांच्या आयुष्यातील कोणता क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे?
3. शर्यत कठीण करण्याचे चार मार्ग कोणते? एका वेळी एकच गोष्ट का वाढवावी?
4. ‘अडथळा हा मोजमाप आहे’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.